आठ बाय चार

गार्लंड प्रुइटने आपल्या अजगर मादीला सासूचं नाव दिलं होतं. बर्निस. आदरापोटी दिलं, असं तो आजही शपथेवर सांगतो. खऱ्या बर्निसबाईंना ही बातमी रविवारच्या जेवणात कळली. त्यांनी बशीतला केक शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवला, रुमालाने तोंड पुसलं, आणि त्यानंतर मरेपर्यंत लेकीच्या घराची पायरी चढल्या नाहीत. गार्लंडला तो योगायोग वाटला.

आर्डिथला, म्हणजे त्याच्या बायकोला, तसं वाटलं नाही. पण संसारात कशाकशावरून भांडायचं हे बाईला निवडून ठेवावं लागतं, आणि त्या वर्षी छप्पर गळत होतं. नाव राहून गेलं. पुढे आई गेली. अजगर मात्र वाढतच राहिली. "बर्निसने अख्खा ससा गिळला," "बर्निस कात टाकतेय, आज तिच्या वाटेला जाऊ नका," असली वाक्यं स्वयंपाकघरात न दचकता ऐकायची आर्डिथला सवय झाली. फक्त नात्यातलं कुणी फोनवर असलं की ती रिसीव्हरवर हात ठेवायची.

गार्लंडला अख्ख्या इंडियानात मान होता. सापवाल्यांच्या जगात मान म्हणजे काय ते सांगायला हवं. जत्रेच्या मैदानावरच्या ज्या हॉलमध्ये एका रविवारी गोधड्यांचं प्रदर्शन भरतं, तिथेच पुढच्या रविवारी सापांचं भरतं. लांबच लांब टेबलं, त्यांवर झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्या, डब्यांत वेटोळं घालून बसलेली पिल्लं. बाकीचे विक्रेते तिथे पिल्लं विकायला बसत. गार्लंड पिल्लं न विकायला बसे.

त्याच्या टेबलापाशी कुणी थांबलं की उलटतपासणी सुरू व्हायची. "घर स्वतःचं की भाड्याचं? आईला विचारलंस? हे आता करंगळीएवढं दिसतंय. पंचवीस वर्षं जगतं हे. पंचवीस वर्षांनी तू कुठे असशील?" समोरच्या पोराला मंगळवारी आपण कुठे असू हेही ठाऊक नसायचं. एवढ्यावर तो टिकलाच तर गार्लंड टेबलाखालून बादली काढायचा. घट्ट झाकणाची. आत पूर्ण वाढलेल्या अजगराची ताजी विष्ठा. "घे वास. पोटभर घे. हे दर पंधरा दिवसांनी, जन्मभर." निम्मी गिऱ्हाइकं तिथेच पाय काढता घेत, आणि शेजारच्या टेबलावर जाऊन तेच पिल्लू निम्म्या किमतीत, एकाही प्रश्नाला उत्तर न देता, वर फुकट मिळालेल्या टोपीसकट घेऊन जात. गार्लंडला त्याचं वाईट वाटत नसे. आपले हात स्वच्छ आहेत, एवढं त्याला पुरे होतं.

बादलीनंतरही उभा राहिलेल्याला तो दुसऱ्या माणसाबद्दल विचारायचा. मोठ्या अजगराच्या पेटीचं दार एकट्याने उघडायचं नाही, कधीही नाही, हा त्याचा नियम. कायम एक दुसरा माणूस हजर पाहिजे. त्याच्या स्वतःच्या घरी हा दुसरा माणूस आर्डिथ होती. तिचं काम एवढंच, की गार्लंड दार उघडून आत वाकला की मागे व्होडकाची बाटली घेऊन उभं राहायचं. चुकून बर्निसने त्याला ससा समजून विळखा घातलाच, तर तिच्या तोंडात व्होडका ओतायची, म्हणजे ती सोडते. दुकानातली सगळ्यांत स्वस्त व्होडका, कारण अजगराला चव कळत नाही. एकदा भर दुपारी बर्निसचा कार्यक्रम चालू असताना चर्चचे पाद्री दारात आले आणि आर्डिथने बाटलीसकट दार उघडलं. पुढचे कित्येक महिने चर्चमधल्या बायका तिच्याशी फार हळू आवाजात बोलत होत्या.

असं सगळं सुरळीत चाललं असताना गार्लंडच्या खांद्याचा बोऱ्या वाजला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, यापुढे दुधाच्या बाटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. बर्निस तर दोन माणसांनाही जड जायची. त्यातच मुलगी रेने ॲरिझोनातून हट्ट धरून बसली, की आता दोघं इकडे या, माझ्या घराजवळ वयस्कांसाठी छान सदनिका आहेत. आर्डिथ तर कधीची तयार होती. घराला गिऱ्हाईक मिळालं आणि महिनाअखेर किल्ल्या द्यायचं ठरलं.

सदनिकांचा नियम होता, पाळीव प्राण्याचं वजन वीस पौंडांच्या आत. गार्लंडने तिथल्या व्यवस्थापिकेला फोन लावला आणि ही अट फुटामागे आहे का, असं गंभीरपणे विचारलं. बाईंना प्रश्न कळला नाही. कळल्यावर त्यांनी फोन ठेवला.

"म्हणजे बर्निसला घर शोधायला हवं," आर्डिथ म्हणाली.

"चांगलं घर," गार्लंड म्हणाला. "जबाबदार माणसाचं."

"तुझे ते मंडळवाले आहेत की सगळे जबाबदार. त्यांना विचार."

मंडळ म्हणजे राज्यातल्या मोठे साप पाळणाऱ्यांचं मंडळ. अध्यक्ष किप लुंडग्रेन. हा दर वार्षिक सभेत "साप म्हणजे वस्तू नव्हे, वचन आहे" असं म्हणताना गहिवरायचा, आणि दर वर्षी त्याच वाक्याला गहिवरायचा. गार्लंडने फोन स्पीकरवर ठेवला, आर्डिथलाही ऐकू यावं म्हणून.

"गार्लंड, भावा, डोळ्यांत पाणी आणलंस बघ," किप म्हणाला. "बर्निस म्हणजे आपल्या मंडळाची शान. तिला घर मिळालंच पाहिजे. मी स्वतः जातीने लक्ष घालतो."

"तूच ने ना मग."

"मी?" किपने घसा खाकरला. "अरे, मी हल्ली छोट्या जातींकडे वळलोय. तात्त्विक कारणांसाठी."

"पाली पाळतो तो," आर्डिथ कुजबुजली. "त्याच्या बायकोने दुकानात सांगितलं मला. अजगर दोन वर्षांपूर्वीच कुणाच्या तरी गळ्यात मारला."

किपने इंटरनेटवर निवेदन टाकलं. त्याखाली लोकांनी लाल हृदयं लावली. कुणी लिहिलं, तिच्यासाठी प्रार्थना करतोय. कुणी लिहिलं, माझ्याकडे जागा असती तर डोळे झाकून नेली असती. शेकड्यांनी हृदयं आली, घर एकही आलं नाही. सापांच्या अनाथालयाने सांगितलं, आमच्याकडे हिच्यासारख्यांनी खोल्या भरल्यात. आणि जनावरांच्या डॉक्टरने हळूच सुचवलं, की कुणीच मिळालं नाही तर एक इंजेक्शन असतं. वेदना होत नाहीत.

त्या दिवशी गार्लंड जेवला नाही. आर्डिथ भांडी विसळत होती आणि तिच्या मनात आलं, सुटू एकदाचे. दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली. ती हात पुसून मागच्या खोलीत गेली. काचेपलीकडे बर्निस नेहमीसारखी घडी घालून पडली होती, हनुवटी स्वतःच्याच अंगावर टेकवून. जीभ बाहेर आली, हवेत हलली, आत गेली. या बाईने, म्हणजे या जनावराने, कुणाचं काय वाकडं केलं होतं? ससे सोडले तर कुणाचंच नाही. आर्डिथला तिच्याबद्दल कधी प्रेम वाटलं नव्हतं, पण इंजेक्शन हा शब्द तिला सहन होईना. हे आपण होऊ द्यायचं नाही, असं तिने तिथेच ठरवलं.

मग माणसं बघायला येऊ लागली. गार्लंड खुर्ची टाकून बसायचा, ऑपरेशनचा हात गळ्यातल्या झोळीत, चेहरा न्यायाधीशाचा. पहिला ब्रेक्स्टन नावाचा तरुण होता. हा दारातून आत आला तोच व्हिडिओ काढत.

"काका, चावते का ही? म्हणजे सांगितलं की चावते का?"

"तू हिला कुठे ठेवणार?"

"दिवाणखान्यात. मागे निळे दिवे लावून. आधीच्या व्हिडिओला मगर होती, तिला लोक कंटाळले."

"मगर कुठे आहे आता?"

ब्रेक्स्टनने व्हिडिओ बंद केला आणि त्या प्रश्नाला तो उत्तर देणं लागत नाही, असं म्हणाला. गार्लंडने त्याला दाराबाहेर काढला. आर्डिथलाही ते पटलं.

मग हॉर्नबेक नवरा-बायको आले. सालस, हसतमुख, बाईंच्या काखेत एक इवलासा पांढरा कुत्रा. त्यांना मुलं नव्हती आणि घर मोठं होतं. बादलीचा वास त्यांनी एकमेकांचे हात धरून घेतला.

"फक्त एक विचारायचं होतं," हॉर्नबेकबाई म्हणाल्या. "आमच्या मफिनशी हिचं पटेल का?"

"उत्तम पटेल," गार्लंड म्हणाला. "एकदाच."

हॉर्नबेकबाईंना हे कळायला थोडा वेळ लागला. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यांचा आवाज येत होता. आणखी तिघे-चौघे येऊन गेले. एकाचं घर भाड्याचं होतं. एकाची नोकरी फिरतीची. एकजण सगळ्या प्रश्नांत उत्तीर्ण झाला, पण बर्निसला बघून शिट्टी वाजवली म्हणून गार्लंडने त्याला नापास केला. आता मात्र आर्डिथचं टाळकं सरकलं.

"शिट्टी वाजवली म्हणून?"

"गांभीर्य नव्हतं त्याच्यात."

"गार्लंड, महिना संपत आला. गांभीर्य म्हणजे काय ते तो जनावरांचा डॉक्टर येईल तेव्हा कळेल तुला."

"मी कुणाच्याही हातात देणार नाही तिला. आयुष्यभर जे शिकवलं त्यावर बोळा फिरवू का?"

शनिवारी सकाळी ओडेसा ट्रिबल आली. पन्नाशीची, ठसठशीत काळी बाई, चर्चला जावं तशी नीटनेटकी, आणि तिच्यामागून तिचा नवरा क्लीओफस, दारात मावेल न मावेल एवढा. गावात तिच्या मालकीच्या तीन लाँड्र्या होत्या, नाणी टाकून कपडे धुवायच्या. गार्लंडने तोफखाना सुरू केला. घर? स्वतःचं. जागा? लाँड्रीच्या मागची कोठाराची खोली, ड्रायरच्या उष्णतेने बारमाही उबदार. अनुभव? एक अजगर पाळला होता, म्हातारा होऊन आपल्या मरणाने मेला. पंचवीस वर्षांनी कुठे असाल? "लाँड्रीत," ओडेसा म्हणाली, "माझे गुडघे साथ देवोत न देवोत. आणि माझ्यामागे माझी भाची आहे, ती लहानपणापासून माझ्यासोबत साप हाताळत आलीय." दुसरा माणूस? तिने नुसता अंगठ्याने मागे क्लीओफसकडे इशारा केला. क्लीओफसने मान डोलावली.

गार्लंडने शेवटचा हुकमाचा एक्का काढला. ओडेसाने बादलीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण परत लावलं.

"मिस्टर गार्लंड, मी लाँड्री चालवते. लोक माझ्याकडे काय काय धुवायला आणतात ते तुम्ही न विचारलेलं बरं."

आर्डिथला हसू आवरेना. तिने खोकल्याचं नाटक केलं. मनातल्या मनात तिने बर्निसला न्यायच्या खोळीची गाठसुद्धा बांधून टाकली होती.

"आता मी विचारू?" ओडेसा म्हणाली.

गार्लंड गोंधळला. इतक्या वर्षांत टेबलाच्या त्या बाजूने प्रश्न आलाच नव्हता. "विचारा की."

"डॉक्टरने हिला शेवटचं कधी तपासलं?"

"ती कधी आजारीच पडली नाही."

"मी ते नाही विचारलं. बरं, राहू द्या. ही पेटी केवढी आहे?"

"आठ बाय चार," गार्लंड अभिमानाने म्हणाला. "आठ फूट लांब, चार फूट खोल. तेच माप आहे."

"कुणी ठरवलेलं?"

"सगळे तेच वापरतात. मंडळाच्या नियमात आहे. मी स्वतः घातलंय."

"हो, पण आठच का? ही आठ फुटांची नाहीये. सोळा-सतरा तरी असेल."

"हे पाहा मिसेस ट्रिबल," गार्लंडचा प्रदर्शनातला आवाज लागला, "अजगराला अडचणीत बरं वाटतं. मोकळ्या जागेत तो बिथरतो. कोपरा हवा असतो त्याला. हे नवख्यांना कळत नाही."

"कोपरा तर हवाच. पण कोपऱ्यातून बाहेर यायचं की नाही, हे तिला कधी ठरवता आलं?"

गार्लंडने उत्तरासाठी तोंड उघडलं. तेव्हा दुसरंच कुणीतरी बोललं. आर्डिथलाही आधी कळलं नाही की बोलणारी आपणच आहोत.

"प्लायवूड," ती म्हणाली.

"काय?"

"प्लायवूडचा ताव आठ बाय चारचा येतो. म्हणून आठ. आपण वखारीतून आणला, तुझ्याकडे तेव्हा करवत नव्हती, माझ्या भावाची आणायला तुला कमीपणा वाटत होता. तू म्हणालास, आहे तसाच ठोकू. आहे तसाच ठोकला. मग लोक बघायला यायला लागले, माप विचारायला लागले, तू सांगायला लागलास. मग तू ते मंडळाच्या नियमात घातलंस."

क्लीओफस छताकडे बघत होता, परक्याच्या घरातलं भांडण ऐकू आल्यावर भला माणूस बघतो तसा. वखारवाल्याने ट्रकमध्ये मावावा म्हणून कापलेला ताव, त्याचं पुढे शास्त्र झालं होतं, आणि त्या शास्त्राच्या नावाने गार्लंड पोराटोरांना फैलावर घेत आला होता. गार्लंडचे कान लाल झाले.

"मिसेस ट्रिबल," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही जबाबदार आहात, पण उद्धट आहात. माझी बर्निस मी तुम्हाला देणार नाही."

ओडेसा उठली. रागावली नाही. जाताना तिने लाँड्रीचं कार्ड आर्डिथच्या हातात दिलं आणि म्हणाली, "ताई, खोली रिकामीच आहे." गार्लंडकडे तिने बघितलंही नाही.

गाडी गेली, तसं आर्डिथने दार लावलं.

"तू बर्निससाठी घर शोधत नाहीयेस," ती म्हणाली. "तू दुसरा गार्लंड प्रुइट शोधतोयस. तो मिळणार नाही, आणि मिळाला तर त्याच्या बायकोची मला कीव येईल."

"परक्यांसमोर माझी अब्रू काढलीस!"

"तुझी अब्रू! त्या पेटीत ती आहे, तू नाहीस. बावीस वर्षं मी तुझ्यामागे बाटली घेऊन उभी राहिले, गार्लंड. तुला काही होऊ नये म्हणून. तिचं काय होतंय ते मलाही दिसत होतं, आणि मी काही बोलले नाही, कारण साप तुझा, ज्ञान तुझं, मी आपली दुसरी. पण दार दोघांशिवाय उघडायचं नाही, हा तुझाच नियम ना? मग ऐक. दुसरा माणूस सांगतोय, दार उघडायचं. मी ओडेसाला फोन करतेय."

तिने केलाही. गार्लंड उठून अंगणात गेला आणि कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्याकडे बघत उभा राहिला. पुढचा सगळा रविवार तो बोलला नाही. न बोलता त्याने तीनदा कॉफी मागितली, म्हणजे कप आपटला. सोमवारी सकाळी तो मंडळाचा शर्ट घालून, भांग पाडून खाली आला. आर्डिथने ओळखलं, की याहून स्पष्ट होकार या माणसाकडून या जन्मी यायचा नाही. तिने आपली चांगली फुलाफुलांची रजईची खोळ कपाटातून काढली. मोठा अजगर न्यायचा तो खोळीतच, तोंडाला गाठ मारून.

ओडेसा आणि क्लीओफस ट्रक घेऊन आले. क्लीओफस आणि आर्डिथने खोळ उचलली. गार्लंडला खांद्यामुळे हात लावायला मनाई होती, त्यामुळे त्याने तोंड लावलं. "डोकं सांभाळा! तिकडे नाही, इकडे! अरे, पोत्यासारखं काय धरलंय!" रस्ताभर ट्रकमध्ये मागे वळून तो खोळीकडे बघत होता आणि ओडेसाला बजावत होता. ती बिथरेल. खाणं टाकेल. महिनोन् महिने टाकेल. मोकळ्या जागेत जीव घाबरा होईल तिचा. मग मला दोष द्यायचा नाही.

"नाही देणार," ओडेसा म्हणाली. गाडी तिने फार सांभाळून चालवली, हे आर्डिथच्या लक्षात आलं.

लाँड्रीत दोन बायका चादरींच्या घड्या घालत होत्या. त्यांनी खोळीकडे पाहिलं, खोळ आतून हलली, आणि त्या घड्या घालत राहिल्या. या गावात ओडेसाच्या वाटेला कुणी जात नसावं. मागची खोली लांबलचक होती. एका भिंतीला काच, आत भिंतीला धरून जाडजूड फांद्या, पाण्याचं टाकं, आणि कोपऱ्यात बसायला लाकडी आडोसा. पलीकडून ड्रायरची घरघर येत होती.

आडोशापाशी खोळीची गाठ सोडली. बर्निस बाहेर आली आणि सरळ आडोशात शिरून तिने वेटोळं घातलं. अगदी तसंच. आठ फुटांत बसेल असं, उलट थोडं लहानच.

"बघितलंत?" गार्लंड काचेवर बोट आपटत म्हणाला. किती दिवसांनी त्याचा चेहरा उजळला होता. "सांगितलं नव्हतं मी? सांगितलं नव्हतं? अडचण हवी असते त्यांना! एवढी जागा केलीत, पैसे घातलेत, कशाला?"

ओडेसाने सगळ्यांना कॉफी आणून दिली, क्लीओफसने खुर्च्या मांडल्या. गार्लंड खुर्चीत बसून बोलत राहिला. आपण प्रदर्शनात हेच सांगतो, लोकांना पटत नाही, पुस्तकी लोक काहीही लिहितात, शेवटी अनुभव तो अनुभव. आर्डिथ कप हातात धरून काचेकडे बघत होती. तिला मनातून फार वाईट वाटत होतं, की याचंच खरं ठरणार. आणि याचं खरं ठरलं तर ॲरिझोनात उरलेलं आयुष्य ते ऐकावं लागणार.

कॉफी निम्मी झाली असेल. बर्निसचं डोकं आडोशाबाहेर आलं. जीभ हलली. मग मान आली, मग त्यामागचं जाड अंग, भिंतीला धरून, घाई न करता. पेटीत कडा जिथे यायची तिथे पोचल्यावर ती थांबली आणि सवयीने वळायला लागली. मान वळली. नाक पुढे आपटायला हवं होतं, ते आपटलं नाही. तिने जीभ काढली. बराच वेळ ती तशीच थांबली, समोर काही नसण्याचा अर्थ लावत असल्यासारखी. मग मान परत सरळ केली आणि पुढे निघाली.

गार्लंड बोलायचा थांबला.

ती पुढे जात राहिली. पाण्याचं टाकं मागे पडलं, पहिली फांदी मागे पडली. शेपटी अजून आडोशात होती. मग तीही सुटून बाहेर आली, आणि बर्निस त्या भिंतीशी लांबच्या लांब पडली, सरळ, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकही घडी नाही. तिचं अंग सबंध लांबीभर हळूच फुगलं आणि खाली बसलं. तिच्या पाठीवरची जाळी, पिवळ्या-काळ्या चौकटींची, एका ओळीत अशी आर्डिथने कधी पाहिलीच नव्हती. तिला कायम ती तुकड्यातुकड्यांत दिसली होती. बावीस वर्षं, आणि आपण बाटली घेऊन उभ्या.

ड्रायर थांबला. पलीकडे कुणीतरी झाकण उघडलं, कपडे काढले. गार्लंड उठून काचेपाशी गेला आणि बर्निसच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत चालत गेला. मग परत शेपटीपासून डोक्यापर्यंत. झोळीतला हात त्याने दुसऱ्या हाताने धरला होता.

"आर्डिथ," तो म्हणाला, "ज्यांना ज्यांना मी पिल्लं दिली, त्यांची घरं मला अजून ठाऊक आहेत."

"माहीत आहे मला."

"सगळ्यांना मी आठच सांगितलंय."

तो ओडेसाकडे वळला. प्रदर्शनातला आवाज कुठेच नव्हता. आता उपदेश करील, खाण्याच्या वेळा सांगेल, असं आर्डिथला वाटलं.

"मिसेस ट्रिबल, मी तिकडे जाऊन महिनाभरात तुम्हाला फोन करीन. मला ओळखतो मी. म्हणेन, तिला माझी आठवण येत असेल, चूक झाली, परत द्या." त्याने खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. "मी मागितली तरी देऊ नका."

"नाही देणार, मिस्टर गार्लंड," ओडेसा म्हणाली.

तो मान हलवून खुर्चीत बसला. "मग आता मला एक फोन लागेल," तो म्हणाला. "आणि आर्डिथ, तू इथेच बस. पहिल्या एक-दोघांना तरी तू ऐकत असताना सांगतो. एकट्याने मला ते जमणार नाही."